भिंतीला घाम फुटला तेव्हा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मिरगाला दहा-बारा दिवस बाकी, आभाळ भरून येतंय पण पडत काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत आमचा क्लब आहे, बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारायच्या स्क्वॉशचा. कोर्ट एकच आणि लीग हौशी. त्या संध्याकाळी दोन सेमीफायनल लागोपाठ होत्या. पहिलीत एकीकडे साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झालेले काका, तर दुसरीकडे वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेला एक पोरगेला इंजिनिअर.

काकांनी पहिला गेम 11–6 असा खिशात घातला. दुसराही ओढूनताणून 11–9. तिसऱ्यात मात्र 4–11 असा मार खाल्ला. बाकावर बसलेल्यांचं निदान तयारच होतं : "काका दमले." काका घाम पुसत म्हणाले, "मी नाही दमलो रे, बॉल जागा झालाय."

मला विचाराल तर काकांचं निदान जास्त शास्त्रीय होतं.

स्क्वॉशचा चेंडू हा चेंडूंच्या जातीतला आळशी गडी. व्यास 40 मिलिमीटर, वजन 24 ग्रॅम, आत पोकळ. दुकानातून आणलेला नवा चेंडू जमिनीवर टाकून बघा, ओल्या मातीचा गोळा टाकल्यासारखा वाटेल. ज्या चेंडूवर दोन पिवळे ठिपके असतात तो नेहमीच्या चेंडूंत सगळ्यात मंद. त्याची उसळी तपासतात ती अशी : 100 इंचांवरून, म्हणजे 254 सेंटिमीटरवरून तो सोडायचा. चेंडू 23 अंश सेल्सिअसला असेल तर त्याने निदान 12 इंच उसळावं एवढीच अपेक्षा. तोच चेंडू 45 अंशांना नेला की साधारण 25 ते 30 इंच उसळतो. रबर तेच, वजन तेच, फक्त 22 अंशांचा फरक, आणि उसळी दुपटीच्या वर.

हे इंच खेळणाऱ्याच्या पायाला कसे जाणवतात? 12 इंच उसळलेला चेंडू पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. 28 इंच उसळला तर पाऊण सेकंद. फरक पाव सेकंदाचा. पण कोर्टावर धावणारा तरुण सेकंदाला चार मीटर सहज कापतो, म्हणजे पाव सेकंदात एक मीटर. आख्खं कोर्ट पावणेदहा मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद. तिथे एक मीटर फुकटात मिळणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच विचारा. काकांचं सगळं भांडवल त्यांच्या ड्रॉपमध्ये. टिनच्या, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या, चार बोटं वर चेंडू अलगद टेकवायचा आणि तो तिथेच मरू द्यायचा. पहिल्या गेममध्ये तो मरत होता. तिसऱ्यात तोच ड्रॉप पडायचा, उसळून वर यायचा आणि पोरगा पोचेपर्यंत जणू ताटकळत उभा राहायचा.

आता चेंडू तापतो कशाने? मार खाऊन. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता, पागाची जाळी कोपऱ्यात ढीग करून टाकावी तसा. भिंतीवर आपटला की चेंडू चपटा होतो, साखळ्या ताणल्या जातात, आणि पूर्ववत होताना एकमेकींना घासतात. त्या घासण्यात ऊर्जा जिरते आणि तिची उष्णता होते. हिशोब घरी मांडण्याजोगा आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने आपटलेल्या 24 ग्रॅमच्या चेंडूत साधारण 9 ज्यूल ऊर्जा असते. त्यातली सहा-सात ज्यूल चेंडूतच राहते असं धरू. एवढं रबर एक अंशाने तापवायला 50 ज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे सात-आठ जोरदार फटक्यांमागे एक अंश. एका गेममध्ये फटके शेकड्यांनी बसतात, त्यामुळे चेंडू तापत जातो. पण जितका तापेल तितकी उष्णता तो हवेला, भिंतीला आणि जमिनीला भराभर देऊनही टाकतो. मग कुठेतरी चाळिशीच्या पुढे जमाखर्च जुळतो आणि चेंडू तिथे स्थिरावतो. गेम संपल्यावर तो तळहातावर घ्या, आपल्या अंगापेक्षा गरम लागतो.

तापला की जास्त का उसळतो, याची कारणं दोन. आत कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो हे खरं, पण 23 वरून 45 अंशांवर जाताना ती वाढ जेमतेम सात टक्के. दुसरं कारण रबराचं स्वतःचं. तापलेल्या साखळ्या मोकळ्या सुटतात, एकमेकींवरून सहज सरकतात, मग ताणलेली ऊर्जा जिरण्याऐवजी परत मिळते. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि उन्हात पातळ होतं, त्याच्या जवळपासची ही गोष्ट.

आणि कोकणात चेंडूला मुळात आघाडीच मिळते. खेळ जन्माला आला इंग्लंडमध्ये, हॅरोच्या शाळेत, 1830 च्या सुमारास. रॅकेट्स नावाच्या खेळाचा चेंडू पंक्चर झाला की तो भिंतीवर चेपतो, आणि मग फटक्यांत जास्त विविधता येते, हे तिथल्या पोरांच्या लक्षात आलं. तिथल्या थंड हवेत चेंडूला जागं करायला बराच वेळ ठोकावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात तो खिशातून निघतो तोच तिशीचा.

चौथा गेम 5–5 वर असताना लाईट गेली.

मे महिन्यात हे होणारच. इन्व्हर्टरवर दिवे लागले, एसी मात्र बंद. कोंडल्यासारखं झालं म्हणून कुणीतरी दार सताड उघडलं, आणि इथे चूक झाली. दुपारपासून एसी चालू असल्याने भिंती 24 अंशांच्या आसपास गार झालेल्या. बाहेरची हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के धरली, तर तिचा दवबिंदू 26 अंशांच्या वर येतो. त्याहून गार काहीही त्या हवेला लागलं की त्यावर पाणी धरणारच. कोकम सरबताच्या गार पेल्याला बाहेरून थेंब सुटतात, तेच. पाच मिनिटांत समोरच्या भिंतीवर बोट फिरवलं तर रेघ उमटायला लागली.

ओल्या भिंतीवर चेंडूची पकड सुटते. कोरड्या भिंतीशी घर्षण होतं म्हणून तो फिरतो, ठरल्या कोनात परततो. पाण्याचा पातळ थर आला की तो नुसता घसरतो आणि अपेक्षेपेक्षा खाली, सपाट निघून येतो. इंजिनिअरचे दोन फटके असे गुडघ्याखालून गेले आणि त्याने बॉलला शिव्या घातल्या. बॉलचा काय दोष!

बाकावर एकाचं म्हणणं, "हवा जड झालीये, म्हणून बॉल येत नाही." हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो उलटा आहे. पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. त्यामुळे दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकीच असते, त्या दिवशीच्या हिशोबाने एखाद टक्क्याने. जड होतो तो आपला जीव.

कारण घाम. एक लिटर घाम कातडीवरून उडून गेला तर जवळजवळ 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट एकच : तो उडाला पाहिजे. नुसता ठिबकला तर पाणीही गेलं, मीठही गेलं, आणि गारवा शून्य. देशावर उन्हाळ्यात माठातलं पाणी कसं गार होतं, आणि आमच्या किनाऱ्यावर माठ ठेवला तर ते कोमटच राहतं! कातडीलगतची ओल आणि हवेतली ओल यांच्यातली तफावत जितकी मोठी तितकं बाष्पीभवन वेगात. 30 अंशांना 40 टक्के आर्द्रतेच्या हवेत ही तफावत आमच्या 80 टक्क्यांच्या हवेपेक्षा पावणेदोनपट भरते. म्हणजे तोच खेळाडू, तेच तापमान, पण आमच्याकडे त्याचा रेडिएटर अर्ध्यावर चालतो. बरं, घाम गाळून फरशी ओली करतो ती वेगळीच.

स्क्वॉश आता ऑलिंपिकमध्ये जातंय. 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत त्याला पहिल्यांदा जागा मिळाली, आणि तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. तिथे कोर्टाच्या हवेची काळजी घ्यायला माणसं असतील. आमच्याकडे एक शिपाईमामा आणि दोन जुने टॉवेल.

मामांनी भिंत पुसली. पुन्हा दव धरलं. पुन्हा पुसली. शेवटी मीच म्हटलं, दार लावा आणि भिंत गरम होईपर्यंत थांबा. तेवढ्यात काकांनी चेंडू उचलून गार पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला दिसला.

"काका, हे काय?" पोरगा म्हणाला.

"काही नाही रे. म्हातारा आहे तो, त्याला जरा विश्रांती."

पोराने चेंडू घेतला, मुठीत दाबला आणि रॅकेटने जमिनीवर ठोकायला सुरुवात केली. लाईट आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. दुसऱ्या सेमीफायनलचे दोघे केव्हाच जेवायला घरी गेले होते.