इंग्रजी वाक्यातील उपवाक्ये आणि स्वल्पविराम

कर्ता आणि क्रियापद असलेला वाक्याचा घटक म्हणजे उपवाक्य. अर्थासाठी स्वतंत्र उभे राहते ते प्रधान, दुसऱ्याच्या आधाराने येते ते गौण. इंग्रजीत या घटकांमधली हद्द दाखवण्याचे काम बरेचदा स्वल्पविराम करतो.

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, त्यामुळे ते आले की उपवाक्य संपल्याचे कानालाच कळते. इंग्रजीत क्रियापदापुढे कर्म येते आणि हद्द पुसट होते. ‘व्हेन द ड्रायव्हर स्टॉप्ड द बस वॉज फुल’ हे वाचताना डोळा ‘स्टॉप्ड द बस’ एकत्र उचलतो आणि पुढे अडखळतो. ‘स्टॉप्ड’नंतर स्वल्पविराम दिला की अर्थ सरळ लागतो. ‘स्वारगेटला चालक थांबला तेव्हा बस भरलेली होती’ असे म्हणणाऱ्या पुणेकराला ही अडचण कधी येतच नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना ती सुचतही नाही. गौण उपवाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. शेवटी आले तर बहुधा लागत नाही.

‘पाऊस आला, शाळा लवकर सुटली’ हे उत्तम मराठी आहे. इंग्रजीत मात्र दोन प्रधान उपवाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे चूक मानतात. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामासोबत ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ यांसारखे उभयान्वयी अव्यय. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे. त्याला ‘बट’च्या जागी बसवून भागत नाही. ‘मला वाटते, की’ या सवयीने लिहिलेले ‘आय थिंक, दॅट’ हेही चूकच.

‘श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम’ असे अनेकदा शिकवले जाते. मोठ्याने वाचायला हा नियम ठीक आहे, पण लिहिताना तो दगा देतो, कारण श्वास माणसागणिक बदलतो आणि वाक्याची बांधणी बदलत नाही.

मराठीत ही चिन्हे रुळली त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. मोडीत विरामचिन्हे नव्हती, शब्दही सलग लिहिले जात. विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेचे प्रमुख राहिलेले मेजर थॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. ते १८५० साली निघाले. चिन्हे इंग्रजीतून आली, वाक्य मात्र मराठी वळणाचेच राहिले. आजचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

संबंधी उपवाक्यात तर स्वल्पविरामाने अर्थच पालटतो. ‘द स्टुडंट्स हू केम लेट मिस्ड द पेपर’ म्हणजे जे विद्यार्थी उशिरा आले, तेवढ्यांचाच पेपर बुडाला. ‘हू केम लेट’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले, की सगळेच विद्यार्थी उशिरा आले आणि सगळ्यांचाच पेपर बुडाला. मराठीत ‘उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांचा पेपर बुडाला’ या एका वाक्यात दोन्ही अर्थ मावतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्यांतला एक आधीच निवडावा लागतो.