ढाबळीतली पैदास आणि आजारपण

ढाबळ म्हणजे पाळीव कबुतरांचं घर, मग ते गच्चीवरचं फळ्या-जाळीचं असो नाहीतर परसातलं पत्र्याचं. हा नाद जुना आहे, अकबराकडे 20 हजारांवर कबुतरं होती असं 'ऐन-ए-अकबरी'त लिहिलंय आणि तिथे या शौकाला चक्क 'इश्कबाजी' म्हटलंय. लक्का, गिरेबाज, होमर, शिराझी, जात कुठलीही असली तरी पैदास आणि आजार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण कबुतराचे काही रोग पिल्लाला आईबापाच्या चोचीतूनच मिळतात.

कबुतर साधारण सहा महिन्यांत वयात येतं आणि जोडी एकदा जमली की सहसा टिकते. मादी दोन अंडी घालते, दुसरं अंडं पहिल्यानंतर जवळजवळ दोन दिवसांनी येतं. नर सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत बसतो, बाकी वेळ आणि रात्र मादीची. 17-18 दिवसांत पिल्लं निघतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं की लाल शिरा दिसतात, नाही दिसल्या तर बहुतेक अंडं रिकामं. घरट्यात चार अंडी दिसली तर खूश होऊ नका, बहुतेक वेळा दोन माद्यांनीच जोडी केलेली असते (नर-मादी ओळखण्यात भलेभले फसतात). सुरुवातीचे काही दिवस आईबाप दोघंही गळ्याशी असलेल्या अन्नाच्या पिशवीतलं दाट दूध पाजतात, त्यात प्रोटीन आणि फॅट भरपूर असतं, मग हळूहळू दाणे सुरू होतात आणि महिना-सव्वा महिन्यात पिल्लू स्वतःचं खायला लागतं. कबुतरं थांबायचं नाव घेत नाहीत, पहिली पिल्लं मोठी व्हायच्या आतच पुढची अंडी तयार, आणि मालकही हौसेपोटी चालू देतो आणि मग मादी खंगते, अंडी पातळ कवचाची येतात, कधी अंडं पोटातच अडकतं. म्हणून शिंपल्याचा चुरा कायम समोर हवा, आणि वर्षातून काही महिने, निदान पिसं झडायच्या काळात, नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात. ते जमत नसेल तर खरं अंडं काढून खोटं ठेवायचं, ती उबवत बसते आणि तिला विश्रांती मिळते.

दुधातून जाणारा सगळ्यात ओळखीचा रोग म्हणजे कँकर. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव घशात पिवळा, पनीरसारखा थर धरतो. मोठं कबुतर वरून ठणठणीत दिसतं आणि पिल्लं मात्र मरत राहतात. तो थर ओरबाडून काढू नये, रक्त येतं. मेट्रोनिडाझोल गटातली औषधं चालतात पण डोस पशुवैद्याकडूनच घ्यावा आणि पिल्लाबरोबर आईबापालाही द्यावा. देवीची साथ डासांमुळे पसरते, चोचीजवळ आणि पायावर खपल्या येतात, त्यामुळे पावसाळ्यात जाळी बारीक लागते. मान वाकडी होणं, पाण्यासारखी शी आणि दाणा टिपताना नेम चुकणं ही पॅरामिक्सोव्हायरसची लक्षणं, हा कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्याच विषाणूचा भाऊबंद. त्याला औषध नाही, पण वेगळं ठेवून, खोल वाटीत दाणे देऊन आणि गरज पडली तर हातानं भरवून बरीच कबुतरं काही आठवड्यांत सावरतात, म्हणून मान फिरली की लगेच मारून टाकायची पद्धत चुकीची आहे. एकाच डोळ्याला पाणी आणि सूज दिसली तर ऑर्निथोसिस या जिवाणूंच्या रोगाचा संशय घ्यावा. त्यावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात तेव्हा शिंपल्याचा चुरा काढून ठेवायचा, नाहीतर कॅल्शियम औषध अडवून धरतं. ही एवढीशी गोष्ट कितीतरी जण विसरतात आणि औषधाला दोष देतात.

सकाळची विष्ठा पाहणं हा खरा रिपोर्ट. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली म्हणजे ठीक. हिरवी पातळ पडली तर नेमकं कोण ते शोधायचं. सरसकट सगळ्यांच्या पाण्यात अँटिबायोटिक टाकणं हा ढाबळवाल्यांचा आवडता आणि वाईट उपाय, त्यापेक्षा दाटी कमी करावी, लादी कोरडी ठेवावी आणि बाजारातून आणलेलं नवं कबुतर तीन-चार आठवडे लांब ठेवावं.

पिसांची आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काहींच्या फुफ्फुसाला अ‍ॅलर्जीचा त्रास जडतो, 2025 मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद झाला त्यातही हाच मुद्दा पुढे होता. झाडताना मास्क लावावा, आधी पाणी शिंपडावं, आणि दम लागायला लागला तर डॉक्टरला कबुतरं पाळतो हे आठवणीनं सांगावं, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.