स्विच लावल्याने नेटचे तुकडे होत नाहीत

राउटरच्या एका केबलवर अनेक यंत्रं जोडून देणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच; केबल खोचायची त्याची प्रत्येक जागा म्हणजे पोर्ट. "आठ पोर्टचा स्विच लावला की वेगाचे आठ भाग होतात," असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे, आणि त्यापायी लोक टाकलेली केबल सोडून वायफायवर रखडत बसतात.

ही समजूत हबच्या, म्हणजे स्विचआधी वापरात असलेल्या साध्या जोडणी-डब्याच्या, काळातली. हब एका पोर्टातून आलेला डेटा बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवायचा. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर, मग दोघांनी पुन्हा पाठवायचं. तिथे १० एमबीपीएस खरोखरच सगळ्यांत वाटले जायचे.

स्विच पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) वाचून कोणत्या पोर्टावर कोण आहे याची नोंद ठेवतो आणि डेटा ज्याच्यासाठी आहे नेमका त्याच्याच पोर्टाला देतो. नोंद नसेल किंवा डेटा सगळ्यांसाठीच असेल तेव्हाच सगळीकडे. गिगाबिट स्विचवर प्रत्येक पोर्टाला जाताना आणि येताना १ जीबीपीएस (१००० एमबीपीएस) स्वतंत्र मिळतात.

वाटणी होते ती बाहेरून येणाऱ्या लाइनची, तीही त्या क्षणी नेट वापरणाऱ्यांतच. वायफायवरही ती होतेच. रिकामं पोर्ट काही खात नाही.

वेग १०० एमबीपीएसपाशीच अडकतोय? आधी केबल तपासा. गिगाबिटला आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार नीट क्रिम्प झाली (टोकाच्या प्लगमध्ये दाबून बसली) नसेल तरी लिंक १०० वर उतरू शकते.