प्रत्येक पावलाची ऑर्डर मेंदू देत नाही

शाळेपासून आपल्या डोक्यात एक गोष्ट फिट बसलीये, की चालताना मेंदू वरून एकेक ऑर्डर सोडतो, आता डावा उचल, आता उजवा टाक. तसं नसतं हो. चालण्याचा ठेका मुळात मज्जारज्जूतल्या नसांच्या जाळ्यात तयार होतो. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजराची मज्जारज्जू कापून मेंदूशी कनेक्शन तोडलं, वर मागच्या पायांकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसाही कापल्या, म्हणजे ना वरून हुकूम ना खालून खबर, तरी घोट्याचे दोन विरुद्ध स्नायू आळीपाळीने आखडत राहिले, एक आखडला की दुसरा सैल, मग उलट. त्याआधी समज असा होता की एका पावलाची संवेदनाच पुढचं पाऊल घडवते, अशी साखळी. तोही पडला.

मग हा ठेका तयार कसा होतो? साधारण असं की मज्जारज्जूतल्या नसांचे दोन गट एकमेकांना दाबतात, एक दमला की दुसरा उसळतो.

मग मेंदू काय नुसता बसून असतो? नाही, सुरू कर, थांब, स्पीड वाढव, खड्डा चुकव, तोल सांभाळ हे त्याचंच. १९६६ मध्ये मॉस्कोत मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका जागी करंट दिला तर ते ट्रेडमिलवर चालायला लागलं, आणि करंट वाढवला तर चक्क दौडायला लागलं! माणसात मात्र मेंदूवरची भिस्त जास्त, म्हणून मज्जारज्जू पूर्ण तुटलेला माणूस नुसत्या या जाळ्यावर उठून चालू शकत नाही.