एमसीबीची झीज

घरातल्या डीबी बॉक्समधली (घरभर वीज वाटणारी पेटी) एमसीबी, म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की आपोआप पडून (ट्रिप होऊन) वीज तोडणारा खटका, वर्षानुवर्षं तापून आणि सारखी पडून आतून कमजोर होत जाते, त्याला झीज म्हणायचं. बाहेरून काहीच दिसत नाही, खटका वर-खाली होतो म्हणून लोक निर्धास्त असतात आणि इथेच घात होतो, कारण खटका नुसता हलणं वेगळं आणि लोड वाढल्यावर वेळेत पडणं वेगळं.

आत ओव्हरलोडसाठी दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि खटका सोडते. शॉर्ट सर्किटसाठी कॉइल असते, ती सी टाईपच्या एमसीबीत रेटिंगच्या (एमसीबीवर लिहिलेल्या अँपिअरच्या) ५ ते १० पट करंटला झटक्यात पाडते. पट्टीचा हिशोब ३० अंश तापमान धरून केलेला असतो, रेटिंगच्या १.१३ पट करंट तासभर चालू द्यायचा आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडायचं. आता नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, त्यात नवतपा, आणि डीबी पश्चिमेच्या भिंतीवर असला तर बॉक्सच्या आत अजून जास्त, म्हणून दुपारी एसी, कूलर, फ्रीज सोबत चालले की १६ अँपिअरची एमसीबी १६ पूर्ण व्हायच्या आधीच पडते. तेवढ्याच लोडवर रात्री टिकत असेल तर बदलायची घाई करू नका.

खरी झीज कॉन्टॅक्टची, म्हणजे आत एकमेकांना टेकून वीज पुढे नेणाऱ्या तुकड्यांची. चालू लोडवर खटका पाडला की आत ठिणगी उडते, चांदीमिश्रित कॉन्टॅक्टला बारीक खड्डे पडतात, तिथे रेझिस्टन्स वाढतो, मग गरमी वाढते. स्टँडर्डप्रमाणे ४,००० वेळा चालू-बंद झेलली पाहिजे, पण बोअरची मोटर रोज एमसीबीनेच चालू-बंद करणाऱ्या घरात ते ११ वर्षांत संपतात, दिवसातून दोनदा केली तर साडेपाच. आणि एखादा जोरदार शॉर्ट सर्किट तर एका झटक्यात बरंच आयुष्य खाऊन जातो.

त्याहून जास्त त्रास ढिल्या स्क्रूचा. वायर रोज तापते, थंड होते, स्क्रू हळूहळू सुटतो, तिथलं इन्सुलेशन तपकिरी आणि कडक होतं, जळका वास येतो, कधी गुणगुण ऐकू येते. ही गरमी पट्टीपर्यंत पोचली की एमसीबी लवकर पडते. उलट वर्षानुवर्षं हातच न लावलेल्या एमसीबीत ग्रीस वाळून खटका अडकतो आणि ती उशिरा पडते किंवा पडतच नाही, आणि हे जास्त धोक्याचं, कारण घरच्यांना ती "मस्त चालते" असंच वाटत राहतं.

सारखी पडते म्हणून १६ च्या जागी ३२ बसवतात, हे कृपा करून करू नका. वायर २.५ स्क्वेअर एमएमचीच राहते आणि ती पेटेपर्यंत एमसीबी शांत बसते.

आरसीसीबीला (करंट गळती झाली की वीज तोडणारा खटका) टेस्टचं बटण असतं, एमसीबीला नसतं, आणि ती उघडून दुरुस्तही होत नाही. प्लास्टिक तपकिरी पडलं, खटका वर टिकत नाही, किंवा मोठा शॉर्ट होऊन गेला, तर मेन बंद करून वायरमनकडून त्याच रेटिंगची नवी बसवून घ्यायची आणि बाकीचे स्क्रूही त्याच वेळी कसून घ्यायचे, शक्यतो मार्चच्या आधी.