सोपान-नोंदी (स्काउट पथक, पुणे)

स्काउट पथकातील मुलाने कोणती चाचणी कधी व कोणासमोर दिली आणि तो कोणत्या सोपानावर (प्रगतीच्या पायरीवर) पोचला, याची पथकाने ठेवायची लेखी नोंद. भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेत प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती स्काउट असा चढता क्रम आहे. पुण्यातील बहुतेक पथके शाळांशी जोडलेली असल्याने नोंदवही शाळेच्या कपाटात आणि शाळेच्या वेळापत्रकाच्या तंत्राने चालते.

या क्रमाचे मूळ स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या टेंडरफूट, सेकंड क्लास व फर्स्ट क्लास या तीन श्रेणींत आहे. किंग्ज स्काउट ही पुढची पायरी १९०९ मधली. भारतातील पहिले पथक त्याच वर्षी कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरात काढले, असे सामान्यतः मानतात. त्यानंतर १९१०-११ च्या सुमारास लंडनच्या मुख्यालयाकडे नोंदलेल्या पथकांत खडकी, शिलाँग, मद्रास, मुंबई, जबलपूर व लोणावळा ही नावे येतात. खडकी आणि लोणावळा ही दोन्ही ठिकाणे पुणे परिसरातली असल्याने येथील सोपान-नोंदींचा आरंभ तेथून धरण्याचा मोह होतो. पथकाच्या स्थापनेपुरते ते ठीकच आहे. मात्र या पथकांत प्रवेश युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच होता आणि त्यांचा व्यवहार छावणीच्या जगातला, इंग्रजीतून चालणारा होता. मराठी शाळांतील नोंदवहीची परंपरा त्यांच्याकडून आली, असे म्हणायला आधार तोकडा पडतो.

अधिक संभाव्य वाट भारतीय मुलांसाठी निघालेल्या संघटनांची दिसते. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साह्याने १९१६ मध्ये मद्रासेत संघटना उभारली. उत्तरेत श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ च्या आसपास शाहजहानपुरात पथक चालवले होते. पुढे मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळाने सेवा समितीची स्काउट संघटना उभी राहिली. १९२१ च्या बेडन-पॉवेल यांच्या भारतभेटीत बेझंट यांची संघटना मुख्य प्रवाहात विलीन झाली. सेवा समिती वेगळी राहिली. जुन्या हिंदी पुस्तिकांत आढळणारी कोमलपद, ध्रुवपद, गुरुपद ही नावे तीन इंग्रजी श्रेणींचीच देशी रूपे आहेत. ७ नोव्हेंबर १९५० रोजी दोन प्रमुख स्काउट संघटनांचे एकीकरण होऊन आजची संस्था अस्तित्वात आली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्स तीत आल्या. तीन श्रेणींच्या जागी सोपानांचा क्रम एकीकरणानंतरच्या काही दशकांत रूढ झाला असावा. श्रेणींऐवजी सोपान आले तरी नोंदवहीची घडण फारशी बदलली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नोंदवहीचे पान आडवे आखलेले असते. डावीकडे संघवार (पथकातील लहान गटांनुसार) नावे, वर चाचण्यांचे रकाने. एका संघात सहा ते आठ मुले आणि पथकात जास्तीत जास्त ३२, त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांत अख्खे पथक मावते. प्रथम सोपानाच्या रकान्यांत रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी, प्रथमोपचार, मार्गचिन्हे. पुढे होकायंत्र, नकाशावाचन, चूल पेटवून स्वयंपाक, मुक्कामी शिबिर. प्रत्येक चौकटीत सही आणि दिनांक हवा. नुसती बरोबरची खूण करून ठेवायची सवय अनेक पथकांत दिसते; ती वर्गातल्या हजेरीपटातून आलेली असून जिल्ह्याच्या तपासणीत तिचा उपयोग होत नाही. तपासनीस आधी दिनांकच पाहतो.

याचे कारण किमान कालावधीच्या नियमात आहे. एका सोपानावर ठरावीक महिने काम केल्याखेरीज पुढच्या सोपानाची चाचणी देता येत नाही. हा काळ खालच्या पायऱ्यांवर साधारण सहा ते नऊ महिने आणि राज्य पुरस्कार ते राष्ट्रपती या अखेरच्या टप्प्यात सुमारे वर्षभर असतो. नियमपुस्तिकेच्या आवृत्तीनुसार त्यात थोडाफार फरक पडतो. पुणेरी शाळेच्या हिशेबात मांडले तर चित्र स्पष्ट होते. पाचवी-सहावीत दीक्षाविधी (वचन घेऊन पथकात रीतसर प्रवेश) झालेला मुलगा नववी-दहावीपर्यंत शेवटच्या पायरीच्या जवळ जाऊ शकतो. आठवीत सुरुवात करणाऱ्याला शालान्त परीक्षेपूर्वी ती गाठणे जवळजवळ अशक्य. म्हणून वहीतला सर्वांत महत्त्वाचा दिनांक कुठल्याही चाचणीचा नसून दीक्षाविधीचा असतो. नेमका तोच पुष्कळदा मोघम ‘जुलै’ एवढाच लिहिलेला सापडतो.

दुसरी अडचण पथकाच्या वार्षिक नोंदणीची. शुल्क भरून नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही, तर त्या वर्षातले काम मोजताना अडचण येते, मुलाच्या वहीत सह्या असल्या तरी. स्काउटमास्तरांची बदली, शाळा बदलणे आणि सहामाही परीक्षेनंतर पथकाच्या सभा थंडावणे ही खंड पडण्याची नेहमीची कारणे. शाळा बदलणाऱ्या मुलाच्या हाती प्रगतिपुस्तिका असेल तर नवे पथक जुने सोपान ग्राह्य धरते. नसेल तर चाचण्या पुन्हा होतात.

प्रवेश व प्रथम सोपानाच्या चाचण्या पथकातच होतात. द्वितीय सोपानापासून बाहेरचा परीक्षक येऊ लागतो. तृतीय सोपानाचे चाचणी शिबिर जिल्हा संस्था घेते, राज्य पुरस्काराचे राज्य संस्था आणि राष्ट्रपती पुरस्काराचे राष्ट्रीय मुख्यालय. शिबिराला जाताना मुलाने लॉगबुक, सेवाकार्याच्या नोंदी आणि प्रावीण्य बॅजची प्रमाणपत्रे न्यायची असतात. सिंहगड किंवा वेताळ टेकडीच्या हाइकचा अहवाल यांतच असतो. ‘खरी कमाई’ची, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेली, रक्कमही लिहिली जाते, पण हिशेबाच्या वेगळ्या वहीत. सोपानाचा बॅज गणवेशाच्या डाव्या बाहीवर आणि प्रावीण्य बॅज उजव्या बाहीवर लागत असल्याने वही न उघडताही मुलाची पायरी कळते. अर्थात बॅज हा पुरावा मानला जात नाही. दुकानात तो कोणालाही मिळतो.

बढतीला अंतिम मान्यता देण्याचा अधिकार तत्त्वतः संघनायकांच्या (संघप्रमुख मुलांच्या) मानसभा या बैठकीचा आहे. शालेय पथकांत ती क्वचित भरते आणि सही स्काउटमास्तरांचीच उमटते. जेथे संघनायक स्वतः आपल्या संघाचा तक्ता भरतात तेथे नोंदी अधिक नियमित असतात.

अलीकडे संस्थेने ओवायएमएस ही संगणकीय सदस्यनोंदणी आणली असून तीत प्रत्येक सदस्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कागदी वही त्यामुळे बंद झालेली नाही, कारण मैदानावर गाठ बांधून दाखवणाऱ्या मुलाच्या नावापुढे सही तिथल्या तिथे करायची असते.

गाईड पथकांच्या नोंदी याच धर्तीवर ठेवतात. येरवड्याजवळ आळंदी रस्त्यावर १९६६ मध्ये सुरू झालेले ‘संगम’ हे गर्ल गाईड्सचे जागतिक केंद्र पुण्यातच असले, तरी स्थानिक पथकांच्या सोपान-नोंदींशी त्याचा प्रशासकीय संबंध नाही. कब (लहान मुलगे) व बुलबुल (लहान मुली) विभागांच्या पायऱ्यांची, म्हणजे अनुक्रमे चरण व पंखांची, नोंद निराळी असून स्काउट किंवा गाईड विभागात आल्यावर प्रवेशाच्या पायरीपासून नवे पान सुरू होते.