मोटर वाइंडिंगची तार आणि ट्राउटचा किडा

पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यातल्या सौताड्याला गेलात तर धबधब्याचे फोटो काढून झाल्यावर लगेच गाडीकडं वळू नका, खाली विंचरणा नदीच्या पात्रात जिथं पाणी घोट्याएवढं आणि खळखळतं असतं तिथं एक चपटा दगड हळूच उचला आणि उलटा करून बघा. पहिल्यांदा नुसतं शेवाळ दिसतं. मग शेवाळाचा एक बारीक तुकडा सरकायला लागतो. तांदळाच्या दाण्याएवढा, मातकट, मागं केसासारख्या तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सतत थरथरणारी पानं. ही मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लावस्था, इंग्रजीत हिलाच निम्फ म्हणतात, आणि ती थरथरणारी पानं म्हणजे तिचे कल्ले.

मला हा किडा आधी तिथं दिसलाच नव्हता, मी लहानपणापासून त्या पाण्यात पाय घालून बसलोय पण दगड कधी उलटा केला नाही. दिसला तो हिमाचलात, तीर्थन नदीच्या काठी, एका माणसाच्या हातात, आणि तोही नकली. गळाच्या हुकवर तांब्याची तार आणि पिसाचे चार तंतू गुंडाळून त्यानं दोन-तीन मिनिटात हुबेहूब हाच प्राणी तयार केला आणि ट्राउट मासा पकडायला पाण्यात सोडला. तेव्हापासून मला याचं वेड लागलंय.

आता आपल्याकडं ट्राउट नाही आणि कधी होणारही नाही. कारण साधं आहे, पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 10 अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण 11 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशाला तेच साडेसातवर येतं, आणि ट्राउटला तर जास्तच लागतो. म्हणून इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला हा मासा टिकला तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार असल्या थंड ठिकाणी. आपली मरळ वर येऊन हवा घेते, ती गढूळ कोमट डबक्यातही जगते, ट्राउटला ते जमत नाही. पण ट्राउट जे खातो ते मात्र आपल्याकडं दगडाखाली आहे, हे मला लई भारी वाटतं.

मेफ्लायचं आयुष्य ऐकलं की कळतं मासा पाण्याखालीच जास्त का खातो. पंख फुटलेली मेफ्लाय बहुतेक जातींत काही तास नाहीतर दोन-तीन दिवसच जगते, तिला खाण्याजोगं तोंडच नसतं, जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्यात जातं, काही जातींचं काही आठवड्यांचं तर काहींचं वर्ष-दोन वर्षांचं. (पहिल्या पावसात लाइटभोवती जमतात ते किडे वेगळे, ती पंख फुटलेली वाळवी. मेफ्लाय बसली की पंख पाठीवर होडीच्या शिडासारखे उभे धरते आणि मागं लांब शेपट्या असतात.) आणखी एक नवल म्हणजे पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा किडा आज जगात हा एकटाच आहे. तर माशाच्या बाजूनं विचार करा, वर उडणारा घास वर्षातून मोजके दिवस, आणि दगडाखालचा बारमाही. मासा कुठं बघणार?

इंग्लंडमध्ये मात्र बरीच वर्षं मोठी माणसं म्हणायची की पाण्यावर तरंगणारी नकली माशी वापरणं हीच सभ्य मासेमारी. स्क्यूज नावाचा एक वकील होता, तो पकडलेल्या माशाच्या पोटातलं लांब चिंचोळ्या चमच्यानं काढून पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून बघायचा, आणि त्यात निघायच्या निम्फ. 1910 सालच्या पुस्तकात त्यानं बुडणाऱ्या माशीची बाजू मांडली. यावरून इतका वाद झाला की 1938 साली लंडनमधल्या मासेमारीच्या क्लबात रीतसर चर्चा ठेवली होती. मला विचाराल तर त्या बशीतच सगळं उत्तर होतं, पोटात काय निघालं ते बघितल्यावर वाद कशाचा.

पुढचं काम केलं फ्रँक सॉयर यानं. हा विल्टशायरमधल्या एव्हन नदीचा राखणदार, रोज पाण्याकाठीच. त्यानं बघितलं की पोहणारी निम्फ पाय अंगाशी घट्ट मुडपून घेते, म्हणून त्यानं नकली किड्याला पायच लावले नाहीत. आणि दोरा सोडून दिला. त्याच्या जागी केसासारखी तांब्याची तार.

ही तार किती कामं करते बघा. ती दोरा आहे म्हणजे पीस बांधून धरते, ती वजन आहे म्हणजे किडा बुडतो, पिसाच्या तंतूंना पीळ देऊन सोबत गुंडाळली की माशाच्या दातांनी ते लवकर तुटत नाहीत, आणि तंतूंच्या फटीतून चमकते तेव्हा पोटाच्या वळ्या दिसतात. तंतूंची टोकं मागं तशीच सोडली की झाल्या शेपट्या. पुढं छातीपाशी तारेचा छोटा उंचवटा करायचा आणि उरलेले तंतू त्यावरून पुढं-मागं दुमडायचे, म्हणजे तिथं गडद ठिपका होतो. हा ठिपका शोभेचा नाही. पंख फुटायची वेळ आली की खऱ्या निम्फच्या पाठीवरची पंखांची पिशवी काळी पडते, आणि नेमकी तेव्हाच ती दगड सोडून वर निघते, म्हणजे माशाला सगळ्यात सोपी सापडते.

सॉयरनं वापरलं ते फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं तांबूस पीस, आपल्याकडं मी गावरान कोंबडीचं तांबडं पीस घेतो. तारेसाठी गेलो वाइंडिंगच्या दुकानात. तिथल्या मामांनी विचारलं, "एवढुशा तारेचं काय करायलाव?" मी म्हणलं किडा करायलोय. त्यांनी पंख्याच्या वाइंडिंगची 36 गेजची तार काढून दिली, 0.19 मिलिमीटरची, आणि गुंडाळताना तार ढिली सोडायची नाही, बोटाचा ताण कायम एकसारखा पाहिजे हे करून दाखवलं. हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. गेजचा आकडा वाढला की तार बारीक, हुकचंही तसंच, 12 नंबर मोठा आणि 18 नंबर बारका. 36 ची तार 12 नंबरला ठीक बसते, 16 ला जाड होते, त्याला 42 ची पाहिजे.

बुडण्याचं गणित मी घरच्या हौदात बघितलं. फुगीर बांधलेला किडा रेंगाळत जातो, सडपातळ बांधलेला सरळ खाली. आणि आकार निम्मा केला की वजन आठवा हिस्सा उरतं पण पाणी अडवणारं अंग चौथा हिस्सा, म्हणून बारका किडा हळू बुडतो. यावर उपाय म्हणून आजकाल डोक्याशी टंगस्टन या जड धातूचा मणी ओवतात. तांब्याची घनता पाण्याच्या नऊपट, शिशाची 11.3, टंगस्टनची 19.3, म्हणजे जवळपास सोन्याएवढी.

एवढी घाई कशाला, तर नदीत वरचं पाणी जोरात पळतं आणि तळाशी दगडांना घासून मंद होतं. ट्राउट त्या मंद पाण्यात दगडाआड उभा राहतो, ताकद वाचवतो आणि वाहत येईल ते तोंडात धरतो. नकली वाटलं की क्षणात थुंकतो. वरच्या धारेनं दोरी ओढली तर किडा आजूबाजूच्या कचऱ्यापेक्षा वेगानं जातो आणि माशाला संशय येतो. म्हणून आधी तळाशी पोचायचं, पाण्याच्या चालीनं वाहू द्यायचं, आणि माशाजवळ आल्यावर दोरी किंचित उचलायची. वर निघालेली निम्फ अशीच दिसते, सॉयरचा हा डाव आजही चालतो.

गेल्या खेपेला सौताड्याहून एक खरी निम्फ पांढऱ्या बशीत ठेवली आणि शेजारी माझी 12 नंबरची. लांबी जुळली, रंग जुळला, शेपट्या जुळल्या. पण खरीचे कल्ले हलत होते आणि माझी मेल्यासारखी पडलेली. निम्फ परत त्याच दगडाखाली सोडली. घरी येऊन शेतात पडलेलं मोरपीस काढलं, त्याच्या एका तंतूला बारीक लव असते, ती ओली झाली तरी पाण्यात हलते. आता पोट कोंबडीच्या पिसाचंच ठेवतो आणि छातीपाशी मोरपिसाचे तीन वेढे देतो, चौथा दिला की फुगीर होतं आणि हौदात रेंगाळतं.